पाचशे शब्दांत मी

‘आमी केन्ना गरीब आशिल्ले गो?’

आम्ही गरीब कधी होतो, असं कोकणीत विचारून पप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्या निबंधाचा पहिला खर्डा त्यांच्या हातात होता आणि ते पहिल्याच वाक्यावर अडले होते. वाक्य असं: ‘मी एका गरीब शेतकरी कुटुंबात वाढले.’ खर्डा इंग्रजीत होता, पण गरीब हा शब्द पप्पांना कुठल्याही भाषेत ओळखता येतो. शेती आमची आहे हे खरं. पण पप्पा 32 वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेत हेही खरं. तेवढ्यात आई उलथनं हातात घेऊनच बाहेर आली. ‘म्हणजे घरात खायला नव्हतं असं तू तिथल्या लोकांना कळवणार?’ तिच्या मागोमाग तळणाऱ्या इसवण माशाचा वास आला. गरिबी सिद्ध करायला मुहूर्त चुकला होता.

झालं असं, की मला नेदरलँड्सला जाऊन पाण्याच्या व्यवस्थापनात मास्टर्स करायचंय. तिथली फी आणि आमची ऐपत यांच्यामध्ये आमच्या गोव्यातल्या जुवारी नदीएवढं अंतर आहे, आणि त्यावरचा पूल म्हणजे शिष्यवृत्ती. कुठली ते सांगत नाही. न झालेल्या कामाचं नाव घेतलं की दृष्ट लागते असं आजी म्हणते, आणि या बाबतीत मी इंजिनियर नसून आजीची नात आहे. अर्जात मार्क, दाखले, पासपोर्ट सगळं सुरळीत भरलं. मग एक रिकामा चौकोन आला. तुम्ही कोण, आजवर कशाचं नेतृत्व केलंत, इथेच का यायचंय, परत जाऊन काय करणार? 500 शब्दांत सांगा.

चार प्रश्न, 500 शब्द. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूसही पाण्याचा तांब्या हातात घेईपर्यंत एवढे शब्द संपवतो.

मी आधी शोधाशोध केली, की शिष्यवृत्ती मिळालेले लोक काय लिहितात. त्यांच्या निबंधांत संघर्ष असतो. आमच्याच फोंडा तालुक्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून शिकले, टाटांच्या ट्रस्टकडून त्यांना महिना 60 रुपये मिळायचे. नदीच्या पलीकडच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 साली विद्येसाठी घराबाहेर पडले आणि काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. माझा संघर्ष म्हणजे कॉलेजला जाताना कदंब बसमध्ये बसायला जागा मिळायची नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली मीही बसले असते, पण आमच्या वाड्यावरचा दिवा चतुर्थीच्या आठवड्यातच लागतो.

शिवाय पूर्वी हे निबंधाचं लचांड कुठे होतं? 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले. महाराजांनी माणूस पारखला होता. त्यांनी शब्द मोजणारा चौकोन पुढे केला नव्हता. अर्थात महाराजांसमोर मी उभी राहिले असते तर त्यांनी काय पारखलं असतं, हा विचार मी लगेच सोडून दिला.

खरी अडचण वेगळीच होती, ती दुसऱ्या खर्ड्यात कळली. अडचण ‘मी’ची होती.

आमच्या घरात कुणी काही करत नाही. कामं आपली होतात. चतुर्थीला देवाच्या डोक्यावर माटोळी बांधायची असते, त्यासाठी माटोळीच्या बाजारातून नि रानातून नाना तऱ्हेची फळं आणून काका आणि मी दोन रात्री स्टुलावर चढून असतो. पाहुणे विचारतात, माटोळी कोणी बांधली? काका म्हणतात, ‘झाली बांधून.’ आईला विचारा एवढ्या माणसांचं जेवण कोणी केलं, ती म्हणते, ‘झालं आपलं.’ मला इंजिनियरिंगला पहिला वर्ग मिळाला तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं, ‘मिळाला.’ काय, कुणाला, कसा, सगळं गुलदस्त्यात. मराठी क्रियापदात कर्त्याला लपायला इतकी ऐसपैस जागा आहे, की आमची तीन पिढ्यांची माणसं त्यात सुखाने नांदली. जो उघड ‘मी केलं’ म्हणतो त्याच्याबद्दल आजी एवढंच विचारते, ‘आरती स्वतःच ओवाळतो की कापूर तरी दुसऱ्याकडून घेतो?’

आणि ही इंग्रजी. तिला प्रत्येक वाक्यात ‘आय’ लागतो, तोही उभा, ताठ आणि कॅपिटल. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात तो 500 शब्दांत तीनदा आला होता, त्यातला एक ‘आय ॲम सॉरी’ मधला होता.

तिसरा खर्डा चॅटजीपीटीने लिहिला. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की मी गोव्याची, पाण्याची आवड आहे. त्याने मला नारळीच्या कुजबुजत्या बनात वाढवलं, सोनेरी किनाऱ्यावर धावायला लावलं आणि समुद्राशी माझं अतूट नातं जोडून दिलं. आमच्यापासून समुद्र बराच लांब आहे, मी वर्षातून एकदा मुंबईचे पाहुणे आले की जाते. पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘माड कुजबुजत नाही गो. माडावरून नारळ पडतो. बाजूला हो म्हणायलाही वेळ देत नाही.’ खर्डा रद्द. शिवाय मैत्रिणीने तिचा त्याच यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध पाठवला, तर तीही त्याच बनात वाढलेली निघाली. ती मूळची लातूरची आहे.

मग नेतृत्व. हा शब्द मी वहीवर लिहून अर्धा तास त्याच्याकडे बघत होते. आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. बहुधा ऐतिहासिक, कारण दाढ्या आणि तलवारी तयार आहेत. पप्पा त्यात गेली अनेक वर्षं सरदार असतात, आणि दुसऱ्या अंकात भाषण विसरतात. ते कुठे विसरणार हे आता प्रेक्षकांनाही पाठ आहे. दहावीत असल्यापासून विंगेत वही घेऊन उभी असते ती मी. प्रॉम्प्टर. पप्पा तलवारीच्या मुठीवर हात ठेवून छताकडे बघायला लागले, की समजायचं गाडी रुळावरून घसरली. मग मी दोन शब्द पुटपुटायचे, की पप्पा उरलेलं भाषण एका दमात ठोकून देतात, जणू मधली शांतता त्यांनीच बसवलेली होती. टाळ्या पडतात. एकदा नायकाला खोलीत झोप लागली तेव्हा दोन प्रवेशांची अदलाबदल करून मी नाटक पहाटेपर्यंत ओढलं होतं. पण प्रॉम्प्टरने नेतृत्व केलं असं कोण म्हणतं? प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला तर तो नालायक. मी हा मुद्दा खोडला.

शिफारसपत्रासाठी सरांना फोन केला. माझे कॉलेजमधले सर, आता निवृत्त, काजूच्या बागायतीत रमलेले. ते म्हणाले, ‘बाय, देतो की. तू तुझ्याबद्दलचे मुद्दे काढून दे, मी बसून लिहितो.’ झालं. म्हणजे आता स्वतःची आरती दोनदा.

पण रात्री मुद्दे काढायला बसले आणि काय झालं कोण जाणे, पेन थांबेचना. कारण वाक्य ‘मी’ने सुरू होत नव्हतं. ‘ती’ने होत होतं. ‘ती’च्याबद्दल मला कितीतरी ठाऊक होतं! तिने आमच्या गावच्या मानशीचं दार दुरुस्त करवून घेतलं तेही मी पहिल्यांदाच सविस्तर लिहिलं.

मानस म्हणजे खाजन शेतीच्या बांधातला दरवाजा. गोव्यात नद्यांच्या काठी सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे, भरतीच्या पातळीपेक्षा खाली, खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली. तिचा सगळा जीव या लाकडी दारात. भरती आली की नदीचं पाणी दाराला बाहेरून रेटतं आणि दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून ढकलतं आणि दार आपोआप उघडतं. वीज नाही, मोटर नाही, पहारेकरी नाही. (आता लक्षात येतं, तेही ‘झालं आपलं’ म्हणणाऱ्यांपैकीच.) आमच्या मानशीचं दार खालून कुजलं होतं. फटीतून खारं पाणी शेतात यायचं, भात करपायचं. ‘ती’ने तीन महिने रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी मोजली, गुडघाभर चिखलात उभं राहून. 22 घरांकडे वर्गणी मागितली. 11 जणांनी पैसे दिले, बाकीच्यांनी सल्ला. दार बसलं. पुढच्या पावसाळ्यात सात वर्षं पडीक असलेल्या तुकड्यात पुन्हा भात उभं राहिलं.

नेदरलँड्सच का, तेही ‘ती’ला नीट सांगता आलं. मी आधी ‘जागतिक दर्जाचं शिक्षण’ असं लिहिलं होतं, जे फिनलंडलाही चालतं आणि फोंड्यालाही. ‘ती’ने लिहिलं, की त्या देशाचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. 1953 च्या पुरात त्यांचे बांध फुटले, अठराशेहून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर त्यांनी समुद्र अडवायची केवढी तरी कामं उभी केली. समुद्र वर चढतोय, आमच्या शेकडो वर्षांच्या बांधांना त्याच्यापुढे काय लागेल ते तिला तिथून शिकून यायचंय. शेवटी, सरांच्या आवाजात लिहितोय या आनंदात, मी एक वाक्य टाकलं: ‘तिला स्वतःबद्दल बोलता येत नाही, पण ती नसली की काम अडतं.’

वाचलं. पुन्हा वाचलं. बाई भलती कर्तबगार होती. तिला शिष्यवृत्ती द्यायला माझी काही हरकत नव्हती.

सरांना त्यातले चारच मुद्दे पाठवले. उरलेल्यातून माझा निबंध काढला. ‘ती’ खोडून ‘मी’, ‘तिने’ खोडून ‘मी’, एकेक करून. प्रत्येक वेळी कानाची पाळी गरम व्हायची. विंगेतला मुद्दाही परत घातला. 740 शब्द झाले. मग कापाकापी. ‘खूप’, ‘अत्यंत’, ‘मनापासून’ आधी गेले, त्यांच्या जाण्याने कुणाचंच काही बिघडलं नाही. आजी गेली, तिला सांगितलेलं नाही. सोनेरी किनाऱ्याचा चुकून राहिलेला तुकडा गेला.

शेवटची तारीख होती 31 जानेवारी, रात्री 11.59, पण मध्य युरोपच्या घड्याळाप्रमाणे. म्हणजे आमच्याकडे पहाटे 4.29. जत्रेतलं नाटक संपायची वेळ, त्यामुळे जागरणाची सवय कामाला आली. दोन वाजता वीज गेली. मोबाइलचं हॉटस्पॉट, लॅपटॉपची 18 टक्के बॅटरी, आणि शेजारी पप्पा टॉर्च धरून. त्यांनी टॉर्च माझ्या कीबोर्डवर न धरता माझ्या तोंडावर धरला होता, स्पॉटलाइटची सवय. 4.11 ला अर्ज गेला.

झोप काही आली नाही. सहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला, आईने पाव घेतले, मी चहात पाव बुडवून पाठवलेला निबंध पुन्हा उघडला. तिसऱ्या परिच्छेदात, सगळ्या ‘मीं’च्या गर्दीत, एक वाक्य तसंच राहिलं होतं. ‘तिला स्वतःबद्दल बोलता येत नाही, पण ती नसली की काम अडतं.’ ‘तिला.’ ‘ती.’ पाव कपात पडला.

दोन महिने मी त्या वाक्याचा विषय घरात काढू दिला नाही. मग मुलाखतीचं पत्र आलं. ऑनलाइन, दुपारी अडीच वाजता. पप्पांनी हॉलमधला पंखा बंद केला, कारण तो कुरकुरतो, आणि स्वतः दाराच्या पडद्याआड जाऊन उभे राहिले. पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या.

समोर तीन माणसं. मानशीबद्दल विचारलं, सांगितलं. दाराचं लाकूड कुठलं तेही विचारलं, तेही सांगितलं. मग मधल्या पिकल्या केसांच्या बाईंनी कागद उचलला. म्हणाल्या, तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य मला फार आवडलं, पण यातली ‘ती’ कोण? तुझी आई का?

मी छताकडे बघायला लागले. हाताशी तलवार नव्हती म्हणून पेन धरलं. होकार दिला असता तर चाललंही असतं, आईच्या बाबतीत ते खोटं नव्हतंच. दहा सेकंद गेली असतील.

‘सांग गो,’ पडद्याआडून आवाज आला, ‘ती म्हणजे हांवच!’

पप्पांना कुजबुजता येत नाही, आयुष्यभर ते रंगमंचाच्या उजेडातच उभे राहिलेत. त्यांचं ते प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेच्या बरंच पुढे, थेट युरोपपर्यंत गेलं असणार, कारण बाई मान तिरकी करून माझ्या मागचा पडदा न्याहाळू लागल्या.

‘ती मीच,’ मी इंग्रजीत म्हणाले. आणि पुढचं सगळं एका दमात ठोकून दिलं.