नोंदणीची पावती म्हणजे व्हिसा नव्हे: व्हिएन्नाच्या परिषदेबद्दल फिरणारा संदेश

परिषदांचा हंगाम आला की डॉक्टर, प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचं सार असं: "व्हिएन्नाला परिषद आहे? नोंदणी करा, निमंत्रणपत्र आलं की व्हिसा मिळतोच. ज्या देशाची तारीख आधी मिळेल तिथे अर्ज टाका, शेंगेन सगळं एकच. विमा व्हिसा आल्यावर काढा. मेट्रोत कुणी तपासत नाही, परिषदेचा बॅज गळ्यात असला की पुरे. हॉटेल मध्यवर्ती भागातल्या स्टीफन कॅथीड्रलजवळच घ्या. खायचं सगळं घरून न्या." (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश.) बॅजमुळे सभागृहाचं दार उघडतं. सीमा, रेल्वे आणि कस्टम्स आयोजकांच्या हातात नसतात, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

निमंत्रणपत्रापासून सुरुवात करू. हे पत्र प्रवासाचा हेतू दाखवतं, एवढंच. खर्च कोण करणार आणि तुम्ही परत येणार का, या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या कागदांतून मिळावी लागतात: नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं अलीकडच्या महिन्यांचं खातेपत्रक, आयकर विवरणपत्र. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तर ती मदत करण्यापेक्षा शंकाच वाढवते. पत्रावरचं नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये वडिलांचं नाव कधी गळतं, कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं, आणि मग निमंत्रणपत्रावर वेगळंच माणूस दिसतं. नोंदणी करतानाच पासपोर्ट समोर ठेवावा आणि पत्रात पासपोर्ट क्रमांक व परिषदेच्या तारखा मागून घ्याव्यात.

वेळेचं गणितही संदेशात नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. हे दिवस अर्ज दाखल झाल्यावर मोजले जातात. अर्ज केंद्रात भेटीची तारीख मिळण्यात जाणारा वेळ वेगळा. सुट्टीच्या मोसमात खरी अडचण तिथेच होते. शोधनिबंध स्वीकारल्याचं कळायची वाट बघत बसलात तर उशीर होतो, म्हणून तारीख आधी घ्यावी आणि स्वीकृतीचं पत्र नंतर जोडावं. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. परिषदेची फी मात्र काही आयोजक नकारपत्र दाखवल्यावर थोडी कापून परत करतात, म्हणून पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात.

"ज्या देशाची तारीख आधी, तिथे अर्ज" हा सल्ला सगळ्यांत महाग पडतो. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम कुठे जास्त आणि हेतू कुठला, यावरून ते ठरतं. कुठलाच देश मुख्य ठरत नसेल तर आधी जिथून आत शिरता तो देश. चार दिवस व्हिएन्नाची परिषद आणि पुढे आठ दिवस इटलीची सहल, असा बेत ठेवलात तर वाद ओढवून घेता. व्हिएन्नाचे दिवस जास्त ठेवले की प्रश्नच मिटतो. दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून तिथे पाऊलही न ठेवता थेट व्हिएन्नाला उतरलात, तर सीमेवर खुलासा करावा लागतो आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो.

व्हिसा हाती आल्यावर तो नीट वाचणारेही कमीच. त्यावर वैधतेच्या तारखा असतात आणि राहण्याचे दिवस वेगळे छापलेले असतात. व्हिसा २५ दिवस वैध आणि राहायचे दिवस १०, असं असू शकतं. मोजले जातात ते १०, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा दिवसही धरतात. प्रवेशांची संख्या ०१ असेल तर ब्रातिस्लाव्हा किंवा बुडापेस्टला जाऊन यायला हरकत नाही, दोन्ही शेंगेनमध्येच आहेत. लंडनला डोकावून यायचं म्हटलं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर परत व्हिएन्नात येता येत नाही.

विमा व्हिसाच्या अर्जासोबतच लागतो. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी. आपल्याकडच्या पॉलिस्या बहुधा डॉलरमध्ये असतात, आणि ३०,००० डॉलर म्हणजे ३०,००० युरो होत नाहीत. ५०,००० डॉलरची घेतली की निश्चिंत.

फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलत असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, व्हिएन्नात नाही. निमंत्रणपत्र, हॉटेलचं आरक्षण आणि विमा चेक-इन केलेल्या बॅगेत टाकू नका. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या, प्रवाशांच्या ये-जा नोंदवणाऱ्या नव्या व्यवस्थेत सीमेवर चेहऱ्याचं छायाचित्रही घेतात, त्यामुळे पुढच्या विमानासाठी तासाभराचं अंतर कमी पडू शकतं.

आता हॉटेल. व्हिएन्नातली "परिषद" म्हणजे एकच जागा नाही. ऑस्ट्रिया सेंटर हे परिषद केंद्र डॅन्यूब नदीपलीकडे आहे, यू१ मेट्रोच्या काइझरम्यूलेन स्टेशनजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींना लागून. मेसे वीन हे प्रदर्शन केंद्र प्राटर उद्यानाशेजारी आहे, यू२ वर. निमंत्रणपत्रावर यांपैकी कुठलं नाव आहे ते बघूनच खोली ठरवावी. कॅथीड्रलजवळ राहणं चूक नाही, तिथून काइझरम्यूलेन यू१ वर सहावं स्टेशन आहे, फक्त भाडं जास्त. प्राटरश्टेर्न या स्टेशनात यू१ आणि यू२ दोन्ही मिळतात. त्याच्या आसपास राहिलात तर सभागृह कुठलंही असो, सोय होते.

विमानतळावर हिरवी सीएटी (सिटी एअरपोर्ट ट्रेन) गाडी आधी दिसते. ती १६ मिनिटांत वीन मिट्टे स्टेशनात नेते, पण तिचं तिकीट वेगळं आणि महाग असतं. शहराचा पास तिच्यात चालत नाही. एस७ लोकल त्याच स्टेशनात दहा-एक मिनिटं जास्त घेऊन पोचवते आणि बरीच स्वस्त पडते. वीन मिट्टेहून यू४ ने एक स्टेशन श्वेडेनप्लात्स, तिथून लेओपोल्डाऊच्या दिशेची यू१ पकडली की काइझरम्यूलेन. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, म्हणून शहराचा पास असला तरी हद्दीपासून पुढचं पूरक तिकीट लागतं. लोकलच्या मार्गावर मोठी कामं निघतात, तेव्हा त्या दिवशीचं वेळापत्रक रेल्वेच्या अ‍ॅपवर बघूनच निघावं.

मेट्रोला फाटकं नाहीत, हे खरं. संदेशातला गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. तपासनीस साध्या कपड्यांत येतात, आणि दंड शंभर युरोंहून जास्त असतो. कागदी तिकिटावर तारीख-वेळ आधीच छापलेली नसेल तर ते नुसतं विकत घेणं पुरेसं नाही, निळ्या यंत्रात घालून त्यावर ती छापून घ्यावी लागते. न छापलेलं तिकीट म्हणजे बिनतिकीट. काही परिषदा नोंदणीत प्रवासाचा पास देतात, पण तसं असेल तर ते नोंदणीच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं. नुसता बॅज दाखवून कुणी सोडत नाही.

उरला घरचा खाऊ. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप आणि पनीर घरीच. ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं; केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं सुटतात, हापूस त्यांत नाही. तेलात तळलेली चकली, पोह्यांचा चिवडा, मेतकूट खुशाल न्यावं. पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून येतं आणि ते थेट पिण्याजोगं असतं. परिषद रविवारी सुरू होत असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत खरेदी उरकावी. रविवारी दुकानं बंद असतात, उघडी सापडतात ती प्राटरश्टेर्न, वीन मिट्टे अशा मोठ्या स्टेशनांतली. पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, त्यासाठी औषधांचं दुकानच गाठावं लागतं. तेव्हा नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.