"नौदल अमेरिकेच्या लढाईत उतरलंय" म्हणे

2024 ची ती पोस्ट परत फिरायला लागलीय. "सरकार बचावाची तैनाती म्हणतं ते थोतांड, आपलं नौदल अमेरिकेसाठी येमेनच्या हूथी बंडखोरांशी लढतंय, आता प्रत्येक भारतीय खलाशी टार्गेट, घरच्यांनी आपल्या माणसाला पुढच्या पोर्टला उतरवून घ्या." वहिनीला माहेरच्या ग्रुपवर आली. दादा बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर आहे, मग काय, रात्रभर त्याच्यामागे साइन ऑफ घे, म्हणजे बोट सोडून घरी ये, साइन ऑफ घे. अरे, कॉन्ट्रॅक्ट अर्धवट टाकून उतरलं तर तिकिटाचा खर्च कोण देणार, पोस्टवाला?

लढाईचं आधी. अमेरिकेने 18 डिसेंबर 2023 ला लाल समुद्रासाठी ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन ही अनेक देशांची नौदल मोहीम जाहीर केली, त्यात भारत नव्हता. येमेनवर जानेवारी 2024 मध्ये बॉम्ब टाकले ते अमेरिका-ब्रिटनने. आपल्या युद्धनौका होत्या एडनच्या आखातात नि अरबी समुद्रात, आणि ते आपलं स्वतःचं ऑपरेशन संकल्प, 2019 पासूनचं. हां, एक मान्य करावंच लागेल, नोव्हेंबर 2023 मध्ये भारत बहारीनहून चालणाऱ्या, अमेरिकन अ‍ॅडमिरलच्या हाताखालच्या कंबाइंड मेरीटाइम फोर्सेस या अनेक देशांच्या नौदल आघाडीचा पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे "अमेरिकेशी काही संबंधच नाही" म्हणणारेही थापाच मारतायत. पण सदस्य असणं वेगळं आणि मोहिमेला जहाज देणं वेगळं.

पोस्टमधला सगळ्यात डोकं फिरवणारा मुद्दा म्हणजे "परदेशी झेंड्याच्या जहाजांवर आपला पैसा का उधळायचा". केम प्लूटो हे जहाज बघा. झेंडा लायबेरियाचा, मालक जपानी, माल सौदीहून आपल्या मंगळूरला येणारा, आणि क्रूमध्ये 21 पैकी 20 भारतीय! 23 डिसेंबर 2023 ला पोरबंदरपासून साधारण 200 सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन आदळला, मग कोस्ट गार्डच्या विक्रमने सोबत करून मुंबईला आणलं. लीला नॉरफोक या जहाजावरही लायबेरियाचाच झेंडा, 21 पैकी 15 आपले. मार्लिन लुआंडा या जहाजाला आग लागली तेव्हा आत 22 भारतीय नि एक बांगलादेशी, विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची टीम चढली. टॅक्स नि नियम सैल म्हणून मालक लोक भलत्याच देशाचा झेंडा लावतात, बोटीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. सरकारचा या तैनातीच्या 100 दिवसांचा हिशोब 23 मार्च 2024 ला आला, मिरवायलाच दिलेला होता, तरी त्यात आहे की वाचवलेल्या 110 जणांत 45 भारतीय आणि 65 परदेशी.

आणि "भारत उतरला म्हणून खलाशी टार्गेट" हे तर साफ उलटं. केम प्लूटोवर हल्ला आधी झाला, जादा विनाशिका त्यानंतर गेल्या. धोका खोटा नाहीये, मार्च 2024 मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले, 21 जणांना आयएनएस कोलकाताने वाचवलं. पण घाबरवण्याऐवजी कामाचं सांगा ना, आयबीएफचा, म्हणजे खलाशी युनियन नि जहाज कंपन्यांच्या जागतिक मंचाचा करार असलेल्या जहाजावर जाहीर धोक्याच्या पट्ट्यात जायला खलाशी नाही म्हणू शकतो, घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. युनियनला फोन करून हे विचारा.

राहिले पोस्टमधले सोमालियाचे "गरीब मच्छीमार", ज्यांना नौदलाने पकडून मुंबईत आणलं म्हणे. परदेशी ट्रॉलरनी सोमालियाची मासळी लुटली हे खरंच आहे. पण रुएन जहाज या 35 जणांच्या ताब्यातून सोडवलं तेव्हा त्यावरचे 17 जण तीन महिने ओलीस होते, आणि कोलकातावर गोळीबार पहिल्यांदा चाच्यांनीच केला, तिने मग जहाजाचं स्टिअरिंग निकामी केलं. खरे मच्छीमार बघायचे असतील तर जानेवारी 2024 चं अल नईमी बघा, इराणी बोट, चाच्यांनी पळवलेली, वर 19 पाकिस्तानी, सोडवलं आयएनएस सुमित्राने. ते पोस्टमध्ये कुठेच नाही.