खुलासा : हान्स स्लोन यांचा संग्रह आणि पत्रे

गेल्या आठवड्यात मी लिहिले होते की, लंडनचे वैद्य हान्स स्लोन (१६६०–१७५३) यांनी पुस्तके, हस्तलिखिते, वाळवलेल्या वनस्पती वगैरेंचा आपला संग्रह देशाला फुकट दान केला आणि त्यांची पत्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दोन्ही विधाने चुकीची आहेत. तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, म्हणून हा खुलासा.

स्लोन यांच्या मृत्युपत्रात अट होती: संग्रहाच्या बदल्यात त्यांच्या मुलींना २०,००० पौंड द्यावेत. संग्रहाच्या मोलाच्या मानाने रक्कम कमी होती खरी, पण फुकट काही नव्हते. १७५३ साली पार्लमेंटने हा संग्रह घेऊन ब्रिटिश म्युझियम उभारण्याचा कायदा केला आणि लॉटरी काढून पैसा उभारला. शिवाय स्लोन यांच्या श्रीमंतीत जमैकातल्या उसाच्या मळ्यांचे, म्हणजे गुलामांच्या घामाचे उत्पन्न होते. लग्नातून आलेले. हे मी गाळायला नको होते.

पत्रे आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्युझियमचा हस्तलिखित विभाग १९७३ मध्ये तिकडे गेला. स्लोन हस्तलिखितांच्या यादीत क्रमांक ४०३६पासून पुढचे कितीतरी खंड या पत्रांचे आहेत, आणि त्यांतली बहुतेक स्लोन यांनी लिहिलेली नसून त्यांना आलेली आहेत: रुग्णांची, जहाजांवरच्या डॉक्टरांची, वनस्पती गोळा करणाऱ्यांची. मद्रासच्या किल्ल्यावरचे सर्जन एडवर्ड बल्कली यांनी पाठवलेली वाळवलेली झाडे स्लोन यांच्या वनस्पतिसंग्रहात आजही जपलेली आहेत.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तिचा स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा मजकूर टाका.