आधी विचारू नका, थेट उघडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपल्या ॲपमधून दुसऱ्याचं ॲप उघडायचं तर ते फोनमध्ये आहे का हे आधी विचारू नका, थेट उघडा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. कस्टम यूआरएल स्कीम (‘myapp://’ असा, ॲप उघडणारा पत्ता) कालबाह्य झाली आहे, मी युनिव्हर्सल लिंकच (ॲप उघडणारी साधी वेब-लिंक) सुचवायला हवी होती, हा पहिला. आणि दुसरं ॲप फोनमध्ये आहे का हे न तपासता थेट उघडायला सांगणं बेजबाबदार आहे, तुमचं ॲप अँड्रॉइडवर त्यामुळेच क्रॅश झालं, हा दुसरा.

पहिल्यातली सुरक्षेची काळजी रास्तच आहे. स्कीमवर कुणाची मालकी नसते. तुमची स्कीम उद्या आणखी कुणी नोंदवली, तर आयओएसवर कोणतं ॲप उघडेल याची खात्री नाही. लॉगिनचा कोड स्कीमवरून परत येत असेल तर तो भलत्याच ॲपच्या हाती लागू शकतो. चोरलेला कोड निरुपयोगी करणारी पीकेसीई ही पद्धत त्यासाठीच आली. पण ही गोष्ट आपल्या ॲपमध्ये येणाऱ्या लिंकची. मी लिहिलं होतं दुसऱ्याचं ॲप उघडण्याबद्दल, आणि तिथे निवड आपली नसतेच. युनिव्हर्सल लिंकसाठी लागणारी फाइल समोरच्याच्या डोमेनवर असावी लागते. त्याने स्कीमच दिली असेल, तर स्कीमच वापरायची.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही.

आयओएस ९ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘कॅनओपनयूआरएल’ला (ही लिंक उघडेल का, हे सांगणारं फंक्शन) विचारण्याआधी ती स्कीम इन्फो-पीलिस्ट या आपल्या ॲपच्या माहिती-फाइलमध्ये जाहीर करावी लागते. केली नाही तर ॲप फोनमध्ये असूनही उत्तर ‘नाही’ येतं. स्क्रीनवर काही दिसत नाही. या स्कीमबद्दल विचारायची परवानगी नाही, एवढी एक ओळ कन्सोलमध्ये उमटते. तुमचा कोड त्या ‘नाही’वर विश्वास ठेवून बटण लपवतो, आणि ज्याच्याकडे ॲप आहे त्यालाच ते दिसत नाही. हा बग सापडायला फार त्रास देतो, कारण कुणी तक्रारच करत नाही. अँड्रॉइड ११ पासून तिथेही तेच: मॅनिफेस्ट या ॲपच्या माहिती-फाइलमध्ये ‘क्वेरीज’ ही नोंद नसेल तर तपासणारं ‘रिझॉल्व्हॲक्टिव्हिटी’ नल, म्हणजे ‘काही सापडलं नाही’, असं उत्तर देऊ शकतं.

उघडण्यावर मात्र हे बंधन नाही. आयओएसवरचं ‘ओपन’ आणि अँड्रॉइडवरचं ‘स्टार्टॲक्टिव्हिटी’ ही उघडणारी दोन्ही फंक्शन्स काही जाहीर न करताही चालतात. म्हणून मी म्हणतो, उघडून बघा आणि जमलं नाही तर काय करायचं ते लिहून ठेवा. आयओएसवर कंप्लीशन हँडलरमध्ये (उघडण्याचा प्रयत्न संपल्यावर चालणारा कोड) ‘फॉल्स’ आलं की वेबपान उघडा. शिवाय, तपासणी आणि उघडणं यांच्यात ॲप काढून टाकलं गेलं तर तपासलेलंही फुकट जातं.

तपासणी लागते ती एकाच ठिकाणी: फोनमधल्या नकाशांच्या ॲपची यादी दाखवायची असेल तेव्हा. मग त्या स्कीम्स जरूर जाहीर करा. आयओएस १५ पासून पुढच्या एसडीकेवर (ॲप बांधायचा साधनसंच) त्या ५० पर्यंतच चालतात.

आता तुमचा क्रॅश. वर्णनावरून तो ‘ॲक्टिव्हिटीनॉटफाउंडएक्सेप्शन’, म्हणजे उघडणारं ॲपच न सापडल्याची चूक, दिसतो. ‘स्टार्टॲक्टिव्हिटी’भोवती ट्राय-कॅच (चूक पकडणारा कोड) घाला आणि कॅचमध्ये वेबपानाची लिंक द्या. तरीही पडलं तर स्टॅकट्रेस इथेच टाका, मी बघतो.