पिसाळलेला नाही तो. ताशा नाव आहे त्याचं.

आज सकाळी सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर ११ सेकंदांचा एक व्हिडिओ पडला. पार्किंगमध्ये आमचा ताशा उभा आहे. मान लटलटतेय, मागचा डावा पाय फरशीवर टक टक टक आपटतोय. खाली मजकूर: ‘सावधान. बिल्डिंगमध्ये पिसाळलेला कुत्रा. मुलांना खाली सोडू नका.’ त्यावर कुणी लिहिलं महापालिकेला फोन करा, कुणी नुसते हात जोडले. आणि एक काका, जे रोज लिफ्टमध्ये माझी विचारपूस करतात, त्यांनी लिहिलं, ‘इंजेक्शन देऊन सोडवा बिचाऱ्याला. पाहवत नाही.’

त्या व्हिडिओत माझा हात दिसतोय, पट्टा धरलेला. म्हणजे काढणाऱ्याला नक्की माहीत होतं कुत्रा कुणाचा आहे. तीन वर्षं एकाच जिन्याने चढतो-उतरतो आपण. एकदा विचारलं असतंत तर मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं असतं.

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. लिहायला घेतलं आणि बोटं चालेनात. इथे लिहितेय, कारण इथे माझी माणसं आहेत, तुम्हाला मुळापासून पटवावं लागणार नाही.

पिसाळलेला कुत्रा लक्षणं दिसायला लागली की साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. म्हणून तर चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा म्हणतात. ताशाचा पाय तीन वर्षं हलतोय. तीन वर्षं! रेबीजची लस दरवर्षी होते, महापालिकेचा परवाना आहे, दोन्ही कागद आमच्या फ्रिजवर लावलेत. या, बघून जा.

त्याला डिस्टेंपर झाला होता, कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. त्यातून तो जगला. पाय हलतो तो त्याचा राहिलेला व्रण आहे, बाकी काही नाही.

नव्या मित्रमंडळींसाठी थोडं मागचं सांगते. गणपतीच्या आधीचे दिवस, म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात पथकांचा सराव चालू होता. पथकातल्या एका मुलीला ढोलांवरच्या ताडपत्रीखाली तीन पिल्लं सापडली. जेमतेम तीन महिन्यांची. डोळे पुवाने चिकटलेले, नाकं वाहतायत, खोकतायत. पोटावर बारीक बारीक फोड. सगळे म्हणाले पावसात भिजलीत, सर्दी असेल. डॉक्टरांनी नाकाडोळ्यांचा स्राव तपासला आणि सर्दी नाही म्हणून सांगितलं. एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. ताशाचं नाव त्या मुलीने तेव्हाच ठेवलं, ताडपत्रीखाली ताशावरच झोपला होता म्हणून. नाव आधी, झटके नंतर. हे मुद्दाम सांगतेय, कारण लोकांना वाटतं आम्ही त्याच्या पायाची थट्टा म्हणून ते नाव ठेवलं. मध्यंतरी मला ते नाव तोंडातून काढवत नव्हतं.

ती मुलगी हॉस्टेलवर राहणारी. प्राण्यांच्या दोन-तीन शेल्टरना विचारून झालं, कुणी घेतलं नाही, आणि त्यांचं चुकत नव्हतं. हा विषाणू खोकल्या-शिंकेतून पसरतो आणि पिल्लू बरं दिसायला लागलं तरी काही आठवडे, कधी काही महिने, अंगातून बाहेर पडत राहतो. तिथे लस न झालेली इतर पिल्लं असतात. तिला हवं होतं कुत्रं नसलेलं घर. आमच्या घरात कधीच कुत्रं नव्हतं. ‘ताई, फक्त दोन आठवडे,’ म्हणाली. आधी ताशाच आला, त्याच्या बहिणीला सलाइन चालू होतं.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७४ वर्षांच्या. ओट्यापाशी यायच्या आधी पाय धुणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘बाल्कनीत राहू दे. आत नको.’

दोन आठवड्यांत ताप उतरला, डोळे उघडले, शेपूट हलायला लागली. आम्ही पेढे आणले हो! आणि सतराव्या दिवशी रात्री तो नुसता बसल्या जागी काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवायला लागला. तोंडाला फेस आला, मग आडवा पडून चारी पाय झाडायला लागला. शेजारच्या वहिनी मदतीला धावल्या, एका हातात कांदा, एका हातात चप्पल. त्यांची माया मी विसरणार नाही, पण फिट आलेल्या जिवाला यातलं काहीही हुंगवायचं नसतं. तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, दिवा आणि आवाज बंद करायचा, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर उचलून डॉक्टरांकडे पळायचं. हे आता मला झोपेतही येतं, त्या रात्री येत नव्हतं. राजाराम पुलावरून रिक्षाने जाताना मी त्याला मांडीवर घेऊन नुसती रडत होते.

डॉक्टर म्हणाले, मेंदूपर्यंत गेलंय. असंच होतं यात, पिल्लू बरं झालं असं वाटतं आणि मग काही दिवसांनी, काही आठवड्यांनी हे सुरू होतं. या विषाणूला मारणारं औषध नाही. सलाइन, वरून होणाऱ्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक, फिटच्या गोळ्या, आणि बाकी त्याच्या शरीरावर. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. ‘तो खातोय तोवर आपण थांबायचं नाही. खायचा थांबला, फिट थांबेनाशा झाल्या, तर बोलू.’

आता वाटीची गोष्ट. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी ती माझ्याकडून दहा वेळा ऐकली असेल. अकराव्यांदा ऐका.

फिट गोळ्यांनी आवरल्या, पण मानेचा हिसका राहिला. भूक तर होती, पण तोंड भांड्यात जाईना. नाक काठावर आपटायचं, भात सगळीकडे. मी हाताने भरवायला गेले की माझा हात आणि त्याचं तोंड यांची गाठच पडायची नाही. तिसऱ्या दिवशी मी बाल्कनीच्या दारात बसून रडत होते. आई आतून पाट घेऊन आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसत नाहीत त्या, तरी बसल्या. स्टीलची वाटी हातात घेतली आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं बघत राहिल्या. तीस वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवलाय त्यांनी. म्हणाल्या, ‘अगं, तीन हिसके देतो आणि मग जरा थांबतो. बघ.’ आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, घे. वाटी पुढे. एक, दोन, तीन, घे. वाटीभर गुरगुट्या भात खाल्ला त्याने. सांडला असेल चमचाभर.

आणि तुम्ही लिहिता, पाहवत नाही.

त्या बाईला पाहवलं. बघितलं म्हणूनच तिला ते ‘जरा थांबतो’ दिसलं. तुम्ही ११ सेकंद बघितलंत, तेही मोबाइलमधून. काका, तुम्हाला पाहवत नसेल तर तो तुमचा त्रास आहे, त्याचा नाही. डॉक्टर सांगतात की त्या हिसक्याने त्याला दुखत नाही. तो झोपेतही चालू असतो आणि हा ढाराढूर झोपलेला असतो. सकाळी पार्किंगमध्ये तो पाय आपटत का उभा होता माहितीये? दूधवाल्याची वाट बघत होता. रोज बघतो. दूधवाला डोक्यावर हात फिरवतो तेव्हा जातो पुढे.

हो, कधी कधी इंजेक्शन हाच उपाय असतो, मान्य. ताशाच्या बहिणीला आम्हीच दिलं. तिच्या फिट तासन् तास थांबल्या नाहीत, कुठलंच औषध लागू पडेना, पाण्याचा थेंब घेईना. त्या मुलीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, मी पाय धरले होते. तो निर्णय तिच्या हालांकडे बघून झाला. आम्हाला बघवत नव्हतं म्हणून नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या जनावराला मारायचे सल्ले देऊ नयेत. एवढं तरी!

सोपं नाही हे, तेही कबूल. सकाळी आठ आणि रात्री आठ, फिटची गोळी, फेनोबार्बिटोन, १२ तासांनी म्हणजे १२ तासांनी. मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर फिट उलटते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, यकृतासाठी आणि रक्तात औषध किती आहे ते बघायला. गोळीने भूक वाढते, तहान वाढते, म्हणून पोळीसुद्धा मोजून. पिल्लू असताना दुखणं झालं त्यामुळे पक्क्या दातांवर आवरणच नीट आलं नाही, दात पिवळे आणि खड्डे पडलेले. नाक जाड होऊन भेगाळतं, त्याला खोबरेल तेल. डोळे कोरडे पडतात, त्यात थेंब. टाइल्सवर पाय घसरतो म्हणून हॉलपासून बाल्कनीपर्यंत रबरी मॅट. मी आणि नवरा एकत्र एकाही लग्नाला मुक्कामी गेलेलो नाही. खर्च होतो. पण शेवटची मोठी फिट येऊन आता १४ महिने झाले.

मुलांची काळजी म्हणालात ना, मग हेही ऐका. डिस्टेंपर माणसांना होत नाही. गोवराच्या विषाणूच्या कुळातला आहे, पण आपल्याला धरत नाही. धरतो तो तुमच्या घरातल्या पिल्लाला. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी एकांकडे सध्या लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे, पहिलं इंजेक्शन झालंय, पुढची ‘बघू’ म्हणे. बघू काय? दीड-दोन महिन्यांचं असताना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. मधलं एक चुकलं की दार उघडं. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदीच्या वेळी रेबीजची लस मिळते, ही मिळत नाही. म्हणून दरवर्षी नदीपात्रात, कचराकुंड्यांमागे अशी पिल्लं सापडत राहतात.

२०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत गेले, आठवतंय? त्यातल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला, आणि ते नमुने तपासले इथेच, आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत. तेव्हा सगळे हळहळले, अमेरिकेहून लस मागवली गेली. सिंहाला झाला की तो आजार. आमच्या ताशाला झाला की तो पिसाळलेला.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा खाली आलाय. व्हिडिओ टाकणाऱ्या बाईंना दोन लहान मुली आहेत. कुत्र्याची मान अशी हलताना पहिल्यांदा बघितली असेल तर भीती वाटणारच, मलाही वाटली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की पट्टा धरलेला हात दिसत होता तुम्हाला.

सकाळी हे सगळं आईंना वाचून दाखवायचं नव्हतं मला, पण नवऱ्याने दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर भोरकडचं. डॉक्टरांनी मागे कधीतरी सांगितलं होतं की हा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्याही कुळातला आहे, तेव्हापासून त्यांच्यासाठी या दुखण्याचं नाव डिस्टेंपर नाहीच, बुळकांडी. ती जगातून गेली, २०११ मध्ये तसं जाहीरही झालं, पण त्यांच्या लहानपणी वाड्यातली गुरं बुळकांडीने एका पावसाळ्यात गेली होती. एक बैल तेवढा उठला. त्यांच्या वडिलांनी तो कधी विकला नाही, कारण जो बुळकांडीतून उठतो त्याला ती पुन्हा धरत नाही, असा बैल गोठ्यात असावा. ताशा बाल्कनीतून आत कधी आला ते मला नीट आठवत नाही. हे सांगितलं त्यांनी त्याच्या आसपास कधीतरी.

आज संध्याकाळी सहाला मी ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेर आले तर घरात आई नाहीत, ताशा नाही, त्याचा पट्टा नाही. पोटात गोळाच आला. बाल्कनीतून खाली बघितलं. बागेत बायकांचा जो बाक आहे, सगळ्या जमतात तो, त्याच्यासमोर आईंनी आपला पाट मांडला होता. हातात वाटी. आता त्याला वाटीची गरज नाही, उंच स्टँडवरच्या भांड्यातून तो आपलं आपण खातो. तरी आई मोजत होत्या, वरपर्यंत ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, घे. बाकावरच्या पाचही जणी गप्प बसून बघत होत्या. शेवटी व्हिडिओवाल्या बाईंची धाकटी मुलगी पुढे आली आणि तीही मोजायला लागली. तिची आई बाकामागे उभी होती. तिला कुणी ओढून नेलं नाही.

पावणेसातला दोघं वर आली. गुडघे धरत आई सोफ्यावर बसल्या. मी विचारलं, कुणी काही बोललं का?

‘विचारलं दोघीतिघींनी. सांगितलं, बुळकांडीतून उठलंय जनावर. आणि त्या काकांना म्हणावं, उद्या सहाला खाली या, वाटी धरायला देते.’

आठला पाच कमी आहेत. गोळी देऊन येते, मग कमेंट वाचते.