खड्डा कुणी खांदला?

घोडा मेल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न मला वयाच्या ४४व्या वर्षापर्यंत पडला नव्हता. वाढलो पुण्यात, आजोळ खेड तालुक्यात, म्हणजे बैलगाडा शर्यतींच्या घाटांचा, चढाच्या धावपट्ट्यांचा मुलूख. आजोबांच्या दारात घोडी होती. तरी नाही पडला. पडला तो इथे आयर्लंडमध्ये, किल्डेअर परगण्यातल्या एका फार्मवर, फेब्रुवारीतल्या एका पहाटे.

नोकरी औषधांच्या कारखान्यात आहे, पण शनिवार-रविवार मी त्या फार्मवर लीद काढायला जातो. हौस म्हणून. (आईला अजून वाटतं, पगार पुरत नसणार.) मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, ठाणावर बारा घोडी. खरारा मला शिकवावा लागला नाही, तो आजोबांनी शिकवला होता. तिथे माझी जी काही पत आहे ती तेवढ्यावरच.

बेसी नावाची २६ वर्षांची तांबडी घोडी त्या रात्री पोटशुळाने लोळायला लागली. घोड्याला उलटी करता येत नाही. आतड्याला पीळ पडला की आतलं आतच फुगत जातं. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. या वयात ऑपरेशन सोसणार नव्हतं. बाई म्हणाल्या, मग आत्ताच. मोरकी त्यांनी स्वतःच्या हातात धरली, दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. सुई गेली आणि चारही पाय एकदम गेले. इतकं मोठं जनावर पडल्याचा आवाज आधी जमिनीतून येतो, मग कानांना.

सकाळी नऊला ट्रक आला. इथे मेलेलं मोठं जनावर परवानगीशिवाय शेतात पुरता येत नाही. साखळी लावली, यंत्राने वर ओढलं. बाईंनी त्याआधी शेपटीचे थोडे केस कापून घेतले होते. पैसे दिले, पावती घेतली, घोडीचा पासपोर्ट रद्द करायला पाठवण्यासाठी पाकिटात घातला आणि म्हणाल्या, उरलेल्या अकरांना पाणी दाखवायचंय.

दुपारी मी मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एवढंच विचारलं, "खड्डा कुणी खांदला?"

"खड्डा नाही मामा. ट्रक आला होता."

बराच वेळ फोनवर नुसता त्यांच्या दारातल्या कोंबड्यांचा आवाज. मग मीच विचारलं, "आपल्या हरणीचं काय झालं होतं?"

"दिली."

"कुणाला?"

"चाकणच्या बाजारात दिली. व्यापारी होता कुणीतरी."

हरणी आमच्या आजोबांची. आमच्याकडच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळते, तिच्या मागे बैल जीव तोडून येतात. बारी लागली की आजोबांचा श्वास अडकायचा. जिंकल्यावर गुलाल आधी हरणीच्या कपाळाला, मग घरातल्या माणसांना. आजी तिला पुरणपोळी द्यायची आणि आम्हाला कोपऱ्यातली फाटकी मिळायची. अशी घोडी, पाय गेल्यावर, कुणीतरी व्यापारी.

आजोबांना मी दोष देत नाही. घोडा दिवसाला आठ-नऊ किलो चारा खातो, पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, आणि पंचवीस वर्षं सहज जगतो. पळतो त्यातली काही थोडी. उरलेली वर्षं कुणाच्या खुंट्याला, हा प्रश्न कोरडवाहू चार एकरांच्या घरात कसा सुटणार होता? पण निदान तो प्रश्न आहे, असं तरी कुणी म्हणावं. हरणी "दिली" आणि घरात पुन्हा तिचं नाव निघालं नाही.

आमचा भावंडांचा एक ग्रुप आहे. तिथे घोड्यांवरून वर्षातून दोनदा तरी जुंपते. एक म्हणतो, एम्प्रेस गार्डनशेजारचा रेसकोर्स बंद करा, तिथे झाडं लावा. (जमीन लष्कराची आहे, हे त्याला दर वेळी कुणीतरी सांगतं.) आतेबहीण वरातीच्या घोडीवर उखडलेली असते: डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांत, उपाशी. तिचं मला पटतं. मग माथेरानच्या ई-रिक्षा निघतात, २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या निघतात. शेवटी एक दादा येतो आणि घोडा म्हणजे मराठ्यांची शान, असं लिहून सगळ्यांना गप्प करतो.

२०२३ पासून भीमथडीची तट्टं आपल्या राज्यगीतात आहेत. मी एकदा ग्रुपवर विचारलं, भीमथडीचं तट्टू कुणी पाहिलंय? कुणीच नाही. खरं तर सगळ्यांनी पाहिलंय. धनगरांच्या वाड्याबरोबर पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललेलं ते बुटकं, काटक घोडं, जे आडवं आलं म्हणून आपण सोलापूर रोडवर हॉर्न वाजवतो, तेच ते.

बंदीवाल्यांना माझा एकच सवाल असतो. सोडवलेला घोडा जाणार कुठे? बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा बैलांचं काय होणार यावर पुष्कळ बोललं गेलं. गाड्यापुढच्या घोड्यांचं नाव कुणी काढलेलं मला तरी आठवत नाही. २०२१च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तेव्हाही नाही. शर्यतीचा परवाना असो, वरातीचा असो की बंदीचा हुकूम, त्यात एक रकाना हवा: हे जनावर म्हातारं झाल्यावर कुणाच्या खर्चाने, कुठे राहील. रेसमध्ये पैसा आहे, बक्षिसातून कापून घेता येईल. वरातवाल्याकडे नाही, तिथे पालिकेला हात घालावा लागेल. हे म्हटलं की ग्रुपवर शांतता पसरते, कारण यात ना शान आहे ना दया.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. युरोपात प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि मानेत चिप असते. कोणतं औषध दिलं, मांसासाठी चालेल की नाही, सगळं त्यात नोंदलेलं. तरी २०१३च्या जानेवारीत इथल्या अन्नसुरक्षा खात्याने जाहीर केलं की तपासलेल्या बीफ बर्गरांत घोड्याचं मांस निघालं, एका नमुन्यात २९ टक्के. आणि २०२४च्या जूनमध्ये इथल्या सरकारी टीव्हीने याच परगण्यातल्या कत्तलखान्याच्या आवारातलं छुपं चित्रण दाखवलं: घोड्यांना मारहाण, आणि कागदावर ओळख बदलावी म्हणून मानेत दुसरी चिप. तो कार्यक्रम मी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात पाहिला. त्या मध्येच उठून तबेल्यात गेल्या. इथे घोडे इतके पैदा होतात की सगळ्यांना कुरण पुरणारच नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यांचा चाकणचा बाजार छापील फॉर्मवर भरतो, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे जे आहे ते इथे नाही. आईबरोबर एकदा सदाशिवनगरचं गोल रिंगण पाहिलं. पुढे पताका घेतलेला स्वाराचा घोडा, मागे माउलींचा, मोकळ्या पाठीचा, कारण पाठीवर माउली बसलेत. घोडे गेले आणि माणसं टापांखालच्या मातीवर तुटून पडली. आईने चिमूटभर माझ्याही कपाळाला लावली. इथल्या ‘करा’ (Curragh) नावाच्या ऐतिहासिक मैदानावर, जिथे १८६६ पासून आयरिश डर्बी होते, मी हजारो माणसं घोड्यांसाठी ओरडताना पाहिलीत. टापेखालची माती उचलताना कुणाला पाहिलं नाही.

पुण्याला तर घोड्याचं आणखीही एक देणं आहे. पूनावालांचा स्टड फार्म १९४६चा. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, त्यांच्या रक्तद्रवापासून धनुर्वातावरचं औषध बनवायला. ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. सर्पदंशावरचं इंजेक्शनही घोड्याच्याच रक्तातून येतं: थोडं थोडं विष टोचत नेतात, घोडा त्यावर तोड तयार करतो, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलेला माणूस वाचतो. मामांना उसाच्या फडात घोणस चावली होती. हे मी त्यांना फोनवर सांगितलं. "म्हंजे माझ्यात घोडा हाये म्हणायचा," असं म्हणून हसले, पहिल्यांदाच त्या दिवशी.

गेल्या महिन्यात मामांनी व्हिडिओ पाठवला. भावकीतल्या पोराने नवी घोडी आणलीय, पांढरी, कपाळावर कुंकू, घाट चढताना पोट जमिनीला लागल्यासारखी पळते. आवाजावरून कळत होतं, चित्रण मामांनीच केलंय आणि भिर्रर्र ओरडणारेही तेच.

मी फोन लावला. "किती वर्षांची?"

"सहा."

"मामा, आणि पळायची थांबली की?"

"आरं, आत्ता कुठं आणलीय. पळू दे की आधी."