‘तीन निकष, पंधरा दिवस, ग्रीन कार्ड’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘टीपीएस संपलं? चिंता नको. व्हेनेझुएलाच्या लोकांना ईबी-१ए मध्ये रांग नाही, कंपनी लागत नाही. दहापैकी तीन निकष भरा, पंधरा दिवसांत ग्रीन कार्ड. पुरस्कार, मेंबरशिप, लेख कमी पडले तर आम्ही मिळवून देऊ. भारतीयांनीही यातून शिकावं.’

स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत आलेला हा मेसेज ह्यूस्टनजवळ केटीत राहणाऱ्या माझ्या मावसभावानं शेजारच्या व्हेनेझुएलन कुटुंबाला पाठवला. हेतू चांगलाच होता. आता त्या घरात वकिलाची फी बाजूला ठेवून या ‘पॅकेज’साठी पैसे जमवणं चाललंय, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. टीपीएस म्हणजे संकटातल्या देशांच्या लोकांना अमेरिका देते ते तात्पुरतं संरक्षण, आणि ईबी-१ए म्हणजे आपल्या क्षेत्रात असाधारण कामगिरी असलेल्यांसाठीचा ग्रीन कार्डाचा वर्ग.

पंधरा दिवसांचं आधी उरकून टाकू. तो आकडा आय-१४० या पिटिशनच्या (ईबी-१ए ची पात्रता मान्य करा, अशा अर्जाच्या) प्रीमियम प्रोसेसिंगचा, म्हणजे जादा फी भरून लवकर उत्तर मिळवण्याचा आहे, ग्रीन कार्डाचा नाही. दिवस कामाचे मोजतात, म्हणजे तीन आठवडे. त्या मुदतीत यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, फक्त काहीतरी ‘कृती’ करायला बांधील असते: मंजुरी, नकार, नकाराच्या इराद्याची नोटीस किंवा आणखी पुरावे मागणारं पत्र, म्हणजे आरएफई. आरएफई आली की तुमचं उत्तर पोचल्यावर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. खर्च बघा: पिटिशनचे ७१५ डॉलर, स्वतःच अर्ज करणाऱ्याला असायलम प्रोग्राम फीचे ३०० आणि १ मार्च २०२६ पासून प्रीमियमचे २,९६५. अर्ज फेटाळला म्हणून यातलं काही परत मिळत नाही. आणि पिटिशन मंजूर झाली तरी हातात काय? राहण्याचा हक्क नाही, वर्क परमिट नाही, स्टेटस नाही. ग्रीन कार्ड मिळतं ते पुढच्या टप्प्यात: अमेरिकेत असाल तर आय-४८५, बाहेर असाल तर वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा. मेसेज या टप्प्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि व्हेनेझुएलाच्या माणसाची गाडी नेमकी तिथंच अडते.

कसं ते पाहा. आय-४८५ ला पहिली अट अशी, की तपासणी होऊन रीतसर प्रवेश किंवा पॅरोल (व्हिसाशिवाय तात्पुरतं आत येऊ देणं) मिळालेला हवा. ‘टीपीएस होतं म्हणजे प्रवेश कायदेशीर झाला’ असं सर्रास सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. सांचेझ विरुद्ध मायॉर्कस या खटल्यात ७ जून २०२१ रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, की टीपीएस हे स्टेटस आहे, तो प्रवेश नव्हे. सीमा चोरून ओलांडलेल्या माणसाला टीपीएस मिळालं, तरी तेवढ्यावर तो देशातच राहून ग्रीन कार्ड घेऊ शकत नाही. अपवाद आहे, तो मान्य करतो: टीपीएसवर असताना आय-५१२टी हे प्रवासपत्र घेऊन जे बाहेर जाऊन आले, त्यांचं परतणं यूएससीआयएसनं जुलै २०२२ पासून प्रवेश म्हणून धरलं आहे.

ऑक्टोबर २०२२ नंतर पॅरोलवर विमानानं आलेल्यांची पहिली अट पुरी होते, पण दुसरीकडे पाय अडकतो. नोकरीच्या वर्गातून अर्ज करणाऱ्याकडे कायदेशीर नॉनइमिग्रंट स्टेटस, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरचं चालू स्टेटस, हवं आणि पॅरोल म्हणजे ते नव्हे. टीपीएस चालू असेतोवर कायदाच तुम्हाला त्या स्टेटसमध्ये धरतो. ते गेलं की उरतं कलम २४५(के), जे शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर स्टेटस नसलेले एकूण १८० दिवस माफ करतं. पॅरोल हा कायद्याच्या लेखी ‘प्रवेश’ नव्हे, म्हणून पॅरोलवाल्याला हेही नाही.

‘एकूण’ या शब्दाकडे लोकांचं लक्ष जात नाही. समजा कोणी बी-२ या पर्यटक व्हिसावर आलं, आय-९४ ची (राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत संपली आणि १५० दिवसांनी टीपीएस मिळालं. २०२१ मध्ये व्हेनेझुएलासाठी जाहीर झालेलं टीपीएस ७ नोव्हेंबर २०२५ ला संपलं. म्हणजे या माणसाच्या हाती तिथून उरले तीस दिवस. मधली टीपीएसची वर्षं खात्यात धरत नाहीत, पण आधीचे १५० दिवस पुसलेही जात नाहीत. ‘असायलमचा (आश्रयाचा) अर्ज प्रलंबित आहे, मग काय काळजी?’ हाही गैरसमज. प्रलंबित अर्जामुळे बेकायदा वास्तव्याचे दिवस साधारणपणे मोजले जात नाहीत, पण स्टेटस मिळत नाही. ही दोन वेगळी खाती आहेत. आय-४८५ फेटाळला गेला आणि अंगावर स्टेटस नसलं, तर फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येते.

‘मग बोगोटाहून व्हिसा घेऊ.’ कराकसची वकिलात २०१९ मध्ये बंद पडल्यावर हे काम बोगोटाकडे गेलं, इथपर्यंत ठीक. पण ९ जून २०२५ पासून लागू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं व्हेनेझुएलाच्या नागरिकांचे इमिग्रंट व्हिसाच थांबवले. शिवाय एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस अमेरिकेबाहेर पडला की दहा वर्षांची बंदी लागते. देशातल्या अर्जांचीही तीच गत: २ डिसेंबर २०२५ च्या मेमोनं यूएससीआयएसनं व्हेनेझुएलासह १९ देशांच्या लोकांचे प्रलंबित अर्ज रोखून धरले आणि जानेवारी २०२६ मध्ये ती यादी ३९ देशांवर नेली. पंधरा दिवस म्हणे!

आता सगळ्यात घातक ओळ: ‘आम्ही मिळवून देऊ.’

तीन निकष भरणं ही पहिली पायरी. काझारियन खटल्यात २०१० मध्ये नवव्या सर्किट कोर्टानं मांडलेली दोन पायऱ्यांची पद्धत यूएससीआयएस आजही वापरते: आधी निकष मोजायचे, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून हा माणूस आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत बसतो का, हे ठरवायचं. विकत घेतलेला पुरस्कार पहिल्या पायरीवर एखाद्या वेळी खपेलही, दुसरीवर उघडा पडतो. एकाच महिन्यात मिळालेले तीन पुरस्कार, दोन मेंबरशिप आणि एका वेबसाइटवरची मुलाखत, सगळं पिटिशनच्या जेमतेम आधीचं. अधिकारी तारखा एका ओळीत मांडतो आणि प्रश्न विचारतो.

मेंबरशिपचंच घ्या. व्हेनेझुएलाचे इंजिनिअर ‘कोलेहियो दे इंजेनिएरोस’ या तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक हमखास जोडतात. काम करायचं तर ती नोंदणी प्रत्येक इंजिनिअरला सक्तीची आहे, आपल्याकडच्या वकिलाच्या सनदेसारखी. निकष मागतो असाधारण कामगिरी पाहून, तज्ज्ञांनी पारखून दिलेलं सदस्यत्व. पदवी आणि वर्गणीवर मिळणारं चालत नाही.

पगाराच्या निकषात उलटा घोळ होतो. बोलिव्हार या व्हेनेझुएलाच्या चलनावरून २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये सहा शून्यं काढली गेली. जुनी सॅलरी स्लिप आजच्या दरानं डॉलरमध्ये बदलली तर नामवंत सर्जनही भिकेला लागलेला दिसतो, आणि लोक हा निकष सोडून देतात. गरज नाही. यूएससीआयएसच्या पॉलिसी मॅन्युअलमध्ये खंड ६, भाग एफ, प्रकरण २ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की परदेशातला पगार नुसता डॉलरमध्ये बदलून पाहू नये, तिथल्या त्या कामाच्या पगारांशी तुलना करावी. म्हणून त्या वर्षाचं, त्या शहरातलं, त्याच पदाचं वेतन दाखवणारा कागद शोधा. वर्तमानपत्रातल्या लेखाला शीर्षक, तारीख, लेखकाचं नाव आणि पूर्ण प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. ‘एल नासिओनाल’ या व्हेनेझुएलाच्या दैनिकाची छापील आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडली, तेव्हा आधीच्या अंकांच्या स्कॅनबरोबर त्या काळच्या खपाचा पुरावाही लावा.

खोटा पुरावा पकडला गेला तर सल्लागाराचं काही जात नाही. अशी ईबी-१ए बहुधा स्वतः भरलेली असते, म्हणजे शपथेखाली सही तुमची. फसवणुकीचा शेरा बसला की ग्रीन कार्डाला जन्मभराची आडकाठी, आणि माफी मागायची तर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेला जोडीदार, आई किंवा वडील लागतात. उद्या त्याच माणसानं खरोखर पात्रता मिळवली, तरी ही जुनी फाइल समोर येते.

‘कंपनी लागत नाही’ हे खरं. पण अमेरिकेत त्याच क्षेत्रात काय करणार, याची करारपत्रं किंवा तपशीलवार योजना द्यावी लागते.

‘रांग नाही’ हेही, नाइलाजानं, अर्धं खरं. दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. व्हेनेझुएला ती गाठत नाही, भारत गाठतो, म्हणून ईबी-१ मध्येही भारतात जन्मलेल्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तेव्हा ‘भारतीयांनी शिकावं’ यातून शिकण्यासारखं फारसं काही नाही. एक गोष्ट मात्र तपासा: रांग ठरते ती जन्मदेशावरून, पासपोर्टवरून नव्हे, आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्मदेश दुसऱ्याला वापरता येतो. जोडीदाराचा जन्म मस्कत किंवा कुवेतचा असेल, तर तिथल्या जन्मदाखल्याची प्रत आय-४८५ सोबत लावा आणि कव्हर लेटरमध्ये तसं लिहा.